घड्याळे बरोबर असल्याची तक्रार

कवळ्या तयार करणाऱ्या त्या कारखान्यात संगणकांची सारी व्यवस्था पंधरा वर्षे एकट्या मामांच्या हाती होती. आणि ती त्यांच्या हातून जाणार असल्याची वार्ता कारखान्यात सर्वांत शेवटी कोणाला कळली असेल, तर ती मामांनाच. मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. मामा हे ताईंचे धाकटे भाऊ. ताईंचा मुलगा त्यांना मामा म्हणे, म्हणून प्लास्टरच्या खोलीपासून पॅकिंगच्या टेबलापर्यंत त्यांना सगळ्यांनीच मामा करून टाकले होते. त्यांत त्यांच्याहून वयाने वडील असलेले चार कारागीरही होते. वार्ता सांगण्याचे नाजूक काम या भाच्याकडे आले.

"मामा, आपण बाहेरची कंपनी नेमतोय," भाचा म्हणाला. "सर्व्हर, नेटवर्क, बॅकअप, दुरुस्ती, सगळं ते बघणार. त्यांच्या ऑफिसात बसून. इथं कुणी यायचीसुद्धा गरज नाही."

"आणि मी काय बघायचं?"

"त्यांच्याकडे."

मामांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा चढवला. वादाला बसण्यापूर्वी ते नेहमी असे करत.

"तुम्ही आता समन्वय अधिकारी," भाचा घाईने म्हणाला. "काही बिघडलं की त्यांच्याकडे तक्रार नोंदवायची. त्याला ते तिकीट म्हणतात. तिकीट आपल्याकडून फक्त तुमच्या नावानं जाणार."

"म्हणजे आजवर बिघडलेलं मी दुरुस्त करत होतो, आणि यापुढे बिघडलंय असं पत्र लिहायचं."

"पत्रं तुम्ही छान लिहिता, मामा."

ही स्तुती खरी असल्यामुळे मामांना पुढे वाद घालता आला नाही.

नव्या कंपनीने कारखान्याच्या व्यवस्थेची लेखी माहिती मागितली. मामांनी ती बेचाळीस पानांत, प्रकरणे पाडून, आणि एकही वाक्य अर्धवट न सोडता लिहून दिली. कोणत्या संगणकाचा पंखा आवाज करतो, कोणता प्रिंटर दमट दिवसांत कागद गिळतो, भट्टीच्या खोलीतली तार कोणत्या कपाटामागून गेली आहे, हे सगळे त्यांत होते. केवळ एक गोष्ट त्यांनी जाणूनबुजून गाळली. कारखान्यातली सगळी घड्याळे नऊ मिनिटे पुढे होती.

हा उद्योग मामांचाच. पंधरा वर्षांपूर्वी ते कामाला लागले तेव्हा कारखाना एकाच गोष्टीने बेजार होता. तयार कवळ्यांची खोकी घेऊन जाणारी गाडी मागच्या दाराशी चार वाजता येई, दोन मिनिटे थांबे आणि निघून जाई. चारच्या ठोक्याला खोकी दारात असलीच पाहिजेत, असा ताईंचा दंडक होता, आणि चार वाजता त्या स्वतः दारात उभ्या राहत. परंतु खोकी पुष्कळदा यायची ती चार वाजून पाच-सहा मिनिटांनी. आठवड्यातून दोनदा तरी गाडी हुके. मग दुसऱ्या दिवशी दूर कुठेतरी एक म्हातारा माणूस दंतवैद्याच्या खुर्चीत बोळके उघडून बसे, त्याच्यासाठी कवळी आलेलीच नसे, आणि दंतवैद्याच्या फोनवर ताईंना जे ऐकावे लागे ते त्या दिवसभर सगळ्यांना ऐकवत.

मामांनी पाहिले, की माणसे बदलण्यापेक्षा घड्याळे बदलणे सोपे आहे. भिंतीवरची घड्याळे आणि टेबलावरचे पडदे सर्व्हरकडूनच वेळ घेत. त्यांनी प्रथम पाच मिनिटे पुढे केली, पुरली नाहीत. सात केली, जेमतेम पुरली. नऊवर कारखाना सुरळीत चालू लागला. खोकी घड्याळाप्रमाणे चार वाजून सहा मिनिटांनी येत, ताई नियमाप्रमाणे रागावत, आणि चार वाजून नऊ मिनिटांनी गाडी येई. त्यानंतर ताई गाडीवाल्यावर रागावत. पंधरा वर्षे ठरल्या क्षणी येणारा तो माणूस पंधरा वर्षे उशिराबद्दल बोलणी खात होता, आणि बाईंचा स्वभावच असा आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

कोणाला संशय कसा आला नाही, याला कारण ताईंची शिस्त. कवळीत धूळ जाऊ नये म्हणून हातात घड्याळ घालून कोणी आत येत नसे. फोन फाटकाजवळच्या कपाटात ठेवून, मग हातपाय धुण्याच्या खोलीत कपडे बदलून सगळे कामावर जात. ताईही त्याला अपवाद नव्हत्या. फाटकावरच्या हजेरीच्या यंत्राला मामांनी हुशारीने हात लावला नव्हता. माणसे तिथे पावणेनऊला बोट टेकवत, नऊ मिनिटांत तयार होऊन आत येत, आणि आतल्या घड्याळात नऊ वाजून तीन मिनिटे झालेली पाहत. धुण्याबदलण्यात अठरा मिनिटे जातात, अशी सगळ्यांची खात्री पटली होती. ताईंनी तर "हात धुताना गप्पा मारू नयेत" अशी पाटी लावली होती. संध्याकाळी मात्र आतल्या घड्याळात सहा वाजता निघालेला माणूस कपडे बदलून फाटकावर येई, तेव्हा तिथे सहाच वाजलेले असत. प्लास्टरवाले अण्णा या चमत्काराचे स्पष्टीकरण देत: "सकाळी बटणं जड असतात. घरी जाताना आपोआप निघतात."

हे सगळे विनोदाने घेण्यासारखे होते. पण ताईंपुढे नाही. ताईंना चूक चाले, खोटे चालत नसे. दातांची छटा रंगपट्टीशी ताडून पाहिली, असे न पाहताच सांगणाऱ्या एका कुशल कारागिराला त्यांनी त्याच दुपारी घरी पाठवले होते. छटा अचूक निघाली होती, तरीही. मामा तेव्हा खोलीतच होते. त्या दिवसापासून त्यांना पक्के ठाऊक होते, की घड्याळांचे बिंग फुटले तर बहीण त्यांनाही याच मापाने मोजील. आणि मग खुर्ची जाईल ती जाईलच, पण बहिणीच्या नजरेतून उतरून त्यांना पुन्हा वर चढता येणार नाही.

सोमवारी नव्या कंपनीने काम हाती घेतले. दुपारी भाचा त्यांचा पहिला अहवाल वाचत आनंदाने आला.

"बघा मामा, किती बारकाईनं बघतात. आपल्या सर्व्हरची वेळ नऊ मिनिटं चुकलेली होती. त्यांनी लगेच दुरुस्त केली. पंधरा वर्षांत तुमच्या लक्षात नाही आलं?"

"नाही," मामा म्हणाले. हा एक शब्द उच्चारताना त्यांना बेचाळीस पानांपेक्षा अधिक श्रम पडले.

खोकी चार वाजून सहा मिनिटांनी मागच्या दारात आली. गाडी चार वाजून दोन मिनिटांनी गेली होती.

"पंधरा वर्षं उशिरा येणारा माणूस आज वेळेवर कसा आला?" ताईंनी विचारले.

"सुधारला असेल," अण्णा म्हणाले. "तुम्ही रोज इतकं बोलता. माणूस कधीतरी मनावर घेतोच."

मंगळवारी खोकी पुन्हा राहिली. बुधवारी ताईंना दोन दंतवैद्यांचे फोन आले आणि त्यांनी सरळ निष्कर्ष काढला: ही कंपनी आल्यापासून हे सुरू झाले आहे. "शुक्रवारपर्यंत बघते," त्या मुलाला म्हणाल्या. "नाही जमलं तर त्यांना नारळ दे, आणि मामाला त्याची खोली परत दे."

मामांनी हे दाराबाहेरून ऐकले. आता त्यांना करायचे होते ते इतकेच, की काही करायचे नव्हते. दोन दिवस तोंड मिटून बसले की सर्व्हर, नेटवर्क आणि खोली आपोआप परत येणार होती, आणि पाठोपाठ ती नऊ मिनिटेही. मोह मोठा होता. परंतु ज्या कंपनीने एवढीच चूक केली, की घड्याळे बरोबर लावली, तिच्या माथी हे खापर फुटणार, आणि तिला निवडणारा भाचा आईपुढे मान खाली घालून उभा राहणार, हे त्यांना पाहवेना. कोणाच्याही नकळत ती मिनिटे परत मिळवता आली, तर सगळ्यांचेच भले होते. त्यांनी तिकीट लिहिले.

"कारखान्यातील घड्याळे कृपया पूर्ववत करावीत."

चार मिनिटांत उत्तर आले: "तपासले. घड्याळे बरोबर आहेत. तिकीट बंद करत आहोत."

मामांनी चष्मा पुसला आणि दुसरे लिहिले: "घड्याळे बरोबर आहेत, हीच आमची तक्रार आहे."

यावर मात्र फोन आला. पलीकडच्या बाईंचा आवाज इतका शांत होता, की मामांना स्वतःचाच उद्धट वाटू लागला.

"सर, तुमचं तिकीट कोणत्या प्रकारात घालू ते कळेना. बिघाड म्हणू का?"

"बिघाड नाही. बिघाड होता तो तुम्ही काढलात. तो परत पाहिजे."

"म्हणजे वेळ चुकीची करून पाहिजे."

"चुकीची नाही. पुढची. नऊ मिनिटं. रोज तेवढीच चुकणारी वस्तू चुकीची कशी म्हणता येईल?"

"बरोबर आहे सर," बाई म्हणाल्या. आजवर मामांचा कोणताही मुद्दा इतक्या चटकन कोणी मान्य केला नव्हता, त्यामुळे ते थोडे हिरमुसले. "पण हा बिघाड नसला तर मग बदल झाला. बदलाला अर्ज लागतो. कारण लिहायचं, आणि खाली अधिकृत व्यक्तीची सही."

"मी समन्वय अधिकारी आहे."

"हो सर. पण अधिकृत व्यक्ती म्हणून इथं ताई असं लिहिलंय. नुसतं ताई. आडनाव पण नाही."

"लागत नाही," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बहिणीला फसवण्यासाठी बहिणीचीच सही पाहिजे होती. गुरुवारभर ते अर्जातल्या कारणाच्या रकान्याशी झगडत राहिले. खोटे न लिहिता खरे झाकेल असे वाक्य त्यांनी तीनदा रचले, आणि तिन्ही वेळा ते वाक्य इतके सुंदर झाले, की ताईंना संशय आल्यावाचून राहिला नसता. शेवटी त्यांनी चार साधे शब्द लिहिले आणि ते ताईंच्या खोलीत गेले.

"यावर तुझी सही पाहिजे, ताई."

ताईंनी कागद हातभर लांब धरून वाचला. "घड्याळे नऊ मिनिटे पुढे करावीत. कारण, आजवर ती पुढेच होती. आजवर म्हणजे कधीपासून?"

"पंधरा वर्षं."

"कुणी केली?"

"कुणी केली हा प्रश्न गौण आहे. मुख्य प्रश्न असा, की..."

"कुणी?"

"मी."

ताईंनी कागद खाली ठेवला. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिल्या. मामांनी, जन्मात प्रथमच, मध्ये मुद्दा घुसवला नाही.

"मी एक वाजता जेवते," ताई अखेर म्हणाल्या.

"बारा एक्कावन्नला."

"घड्याळात एक वाजला की मला भूक लागायची. अगदी एकला. मला वाटायचं काय ही माझी शिस्त." त्या थांबल्या. "आणि त्या गाडीवाल्याला मी पंधरा वर्षं..."

"हो."

"त्या रंगपट्टीवाल्याला मी काढलं तेव्हा तू इथंच उभा होतास. याच फरशीवर."

"होतो. साडेतीन वाजले होते." मामांना खरे बोलायला एकदा सुरुवात केल्यावर मध्येच थांबणे जमेना. "म्हणजे तीन एकवीस."

ताईंच्या ओठांच्या कडा हलल्या. पण त्यांनी त्या लगेच आवरल्या.

"माझं म्हणणं ऐकून तर घे," मामा म्हणाले. "एका माणसाला सांगितलं तर ते खोटं. सगळ्यांना सारखंच सांगितलं तर ती पद्धत झाली."

"मी सगळ्यांत येते का रे?"

मामांनी कागद उचलला.

"तो ठेव तिथंच," ताई म्हणाल्या. "चूक असती तर मी विसरले असते. खोटं मला चालत नाही. आज तू गप्प बसला असतास तर खोली परत मिळत होती, हे ठाऊक होतं तुला?"

"दाराबाहेरून ऐकलं होतं."

"बघू. उद्या बोलते."

शुक्रवारी सकाळी ताईंनी सगळ्यांना पॅकिंगच्या टेबलाभोवती उभे केले आणि नऊ मिनिटांची हकिगत, एकही शब्द मऊ न करता, सांगितली. आजपासून घड्याळ खरे, काम खरे, आणि चारच्या ठोक्याला खोकी दारात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग दिवसभर कारखान्यात दुसरा विषय निघाला नाही. पंधरा वर्षांत एकूण किती तास होतात, ते तास नेमके कोणाचे गेले आणि कोणाला मिळाले, यावर मेणाच्या खोलीत दोन तट पडले. अण्णांचा बटणांचा सिद्धांत कोसळल्यामुळे ते जेवले नाहीत. या चर्चेपायी खोकी चार वाजून अकरा मिनिटांनी दारात आली. कारखान्याच्या आयुष्यात इतका उशीर कधीच झाला नव्हता.

ताईंनी दार लावून घेतले आणि मुलाला म्हटले, "लाव त्या बाईंना फोन."

शांत आवाज खोलीत पसरला. ताईंनी आडपडदा ठेवला नाही.

"तुम्ही घड्याळं पुढे ठेवू शकता का?"

"हो मॅडम. तुमची यंत्रं आता आमच्याशी जोडलेली आहेत, त्यांना खरी वेळच लागते, नाहीतर उद्या कुणालाच लॉगिन करता येणार नाही. पण माणसांना दाखवण्यापुरती पुढे ठेवता येईल. किती ठेवू?"

"ते आम्हाला कळता कामा नये. कळलं की हे लोक तेवढी मिनिटं वजा करून बसतात. मी पण करेन."

क्षणभर पलीकडे नुसती टाइप केल्याची टकटक ऐकू आली.

"मग रोज सकाळी आमचं यंत्र एक आकडा निवडेल. पाच ते चौदामधला कुठलाही. आम्हालाही दिसणार नाही. चालेल?"

"उत्तम."

"कारण काय लिहू, मॅडम?"

"लिहा, आम्ही स्वतःला ओळखून आहोत."

मामा इतका वेळ गप्प होते, ते आता उसळले. "ताई, काल खोटं चालत नाही म्हणालीस. आणि आज तू खोट्याचा करार करतेस."

"मला न विचारता केलंस, म्हणून ते खोटं. हे मी सही करून मागवलंय." ताईंनी अर्ज ओढला, नऊ हा आकडा खोडला आणि सही केली. "खोटं घरच्या माणसानं सांगायचं नाही. बाहेरचे लोक आहेत ना नेमलेले."

भाचा खिडकीकडे वळून खोकला.

"आणि माझं काय?" मामांनी विचारले. आवाज त्यांना हवा होता तेवढा ताठ लागला नाही. खोली गेली, सर्व्हर गेला, आणि गुपचूप केलेली एवढी एक करामत होती, तीही आज सही-शिक्क्यानिशी दुसऱ्याच्या हाती गेली होती.

"तू पहिल्यांदा गाडीवाल्याची माफी मागायचीस. माझीही त्यातच सांग," ताई म्हणाल्या. "मग मागच्या दारात मी उभी राहते ना, तिथं सोमवारपासून तू. खोकी आणवायचं काम तुझं. आणि तिकिटं लिहायचीस. चांगली लिहितोस. तेवढं खरं आहे."

"म्हणजे तू मला काढत नाहीस."

"काढलं तर तू बेचाळीस पानांचं उत्तर लिहिशील. ते मला वाचावं लागेल."

गाडीवाल्याने माफी ऐकून घेतली आणि अपराध्यासारखी मान खाजवली. पंधरा वर्षांच्या बोलण्यांची सवय झाल्यामुळे, आता कोणी काहीच बोलणार नाही ही कल्पना त्याला जरा ओकीबोकी वाटली असावी.

सोमवारी घड्याळात चार वाजले तेव्हा मामा मागच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी आत आवाज दिला. कोणते चार हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे माणसे जरा घाबरूनच धावली. सहा मिनिटांत सगळी खोकी आली. गाडी नव्हती. मामा रस्त्याकडे पाहत राहिले. पंधरा वर्षे या इमारतीत खरी वेळ ठाऊक असलेले ते एकटेच होते. आज त्यांना इतरांइतकेच कळत होते, म्हणजे काहीच नाही. मनाला ते लागायला हवे होते. पण प्रत्यक्षात त्यांना खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखे वाटत होते, आणि ते काय याची व्याख्या करण्याचा नादही त्यांनी सोडून दिला.

ताई बाहेर आल्या. "आली नाही?"

"येईल."

"कधी?"

"ते त्यांच्या यंत्राला विचार."

ताई पायरीवर बसल्या. थोड्या वेळाने मामाही, दोन खोक्यांना जागा ठेवून, शेजारी बसले. आत कुणीतरी भट्टीचे दार लावले.

"आपण असं काहीही न करता बसलो, त्याला किती दिवस झाले रे?"

मामांनी हिशेबाला बोटे उचलली. ताईंनी ती धरून खाली ठेवली. "मोजू नकोस."

कोपऱ्यावर गाडी वळली. दोघे एकदमच उठले. आणि ती जरा लवकर आली असे दोघांनाही वाटले, पण ते पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन त्या दारात नव्हते.